दक्षिणेकडची पणती

धनत्रयोदशीच्या संध्याकाळी आपल्या घरांतून एक दिवा वेगळा लागतो. बाकीच्या पणत्या देवापाशी, तुळशीपाशी, उंबऱ्यावर हसतमुखाने बसलेल्या असतात. हा एकटा दारापासून थोडा दूर, दक्षिणेकडे वात करून तेवत असतो. तो यमासाठी असतो. घरातल्या कुणाला अकाली मरण येऊ नये, एवढेच त्याचे मागणे. लहानपणी मी आईला विचारले होते, "पण ज्यांना ते आधीच आलंय, त्यांच्यासाठी कुठला दिवा?" आई म्हणाली, "सणासुदीचं असलं बोलू नये." मी गप्प बसलो. प्रश्न मात्र गप्प बसला नाही. कित्येक वर्षांनी तो मला पुन्हा भेटला, आणि तोही माझ्याच वर्गात.

त्या दिवशी मी मुलांना बेचाळीसची चळवळ शिकवीत होतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात हा धडा शिकवायला पुस्तक लागत नाही. १९४२ च्या डिसेंबरात गारगोटीच्या कचेरीवर चालून गेलेले आणि गोळ्यांना बळी पडलेले सात तरुण इथल्या मुलांना ठाऊक असतात. त्यांची कथा सांगताना माझा आवाज चढला होता. तेवढ्यात एका चुणचुणीत मुलाने विचारले, "सर, त्याच वेळी आपली माणसं इंग्रजांच्या फौजेतपण होती ना? मग ती कोण?"

मास्तरकीत आणि लेखनात एक दुर्गुण समान असतो. उत्तर सुचण्याआधी वाक्य सुचते. मी म्हणालो, "ती पोटासाठी गेली आणि परक्यांसाठी मेली. त्यांचं नाव इतिहास कशाला घेईल?"

वाक्य टाळीचे होते. पुढच्या बाकांवर ते पडले आणि खुलले. मागच्या बाकावरच्या एका मुलाने मात्र मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी तो वहीत जपून ठेवलेला एक फोटो घेऊन आला. फोटो पिवळा पडलेला. त्यात फेटा बांधलेला, ओठावर मिसरूड फुटू लागलेला एक पोरगा ताठ उभा होता. मुलगा म्हणाला, "सर, हे माझे पणजोबा. इटलीत गेले."

पुढच्या रविवारी मी त्याच्या गावी, गडहिंग्लज तालुक्यात गेलो. मुलाची आजी सोप्यात बसली होती. वय ब्याऐंशी. फोटोतल्या त्या शिपायाची ही मुलगी. ती पोटात असताना तो पलटणीकडे परत गेला होता. त्याने मुलीला पाहिले नाही, मुलीने बापाला पाहिले नाही. मरणाची तार आली, पण मढे आले नाही. मग भटजींनी पालाशविधी करविला. पळसाच्या पानांची माणसासारखी आकृती केली आणि तिला अग्नी दिला. तरी तिच्या आईने दोन वर्षे कुंकू पुसले नाही म्हणे. मढ्याशिवाय मरण मानायचे कसे?

म्हातारी सांगत होती, आणि मी काहीतरी क्षमेचे बोलण्याची संधी शोधत होतो. तिने ती दिली नाही. फोटोकडे बोट दाखवून ती म्हणाली, "मी म्हातारी झाली, पर बा माझा तेवढाच ऱ्हायला बघा. आता तर माझ्या थोरल्या नातवाहून बारका दिसतोय." मग थोडे थांबून म्हणाली, "मास्तर, त्यो कुणासाठी मेला ते तुम्ही शाळंत काय बी सांगा. तुम्ही शिकलेली माणसं. पर मेला, हे तरी सांगा की."

मी परत येताना एस.टी.च्या खिडकीशी बसून या एका वाक्याशी झगडत होतो. 'कुणासाठी मेला' हा एक प्रश्न आणि 'मेला' हे एक सत्य. मी पहिल्याच्या जोरावर दुसरे पुसून टाकले होते. असे पुसण्याचा अधिकार कुणाला असतो का, हा माझ्यापुढचा खरा प्रश्न होता.

प्रथम माझ्या बाजूने जे बोलता येईल ते बोलून टाकतो. १९३९ साली व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान युद्धात उतरल्याचे जाहीर केले, तेव्हा त्यांनी इथल्या लोकांच्या एकाही पुढाऱ्याला विचारले नव्हते. ज्या सरकारची बंदूक इटलीत आपल्या पोराच्या खांद्यावर होती, त्याच सरकारविरुद्ध उठलेल्या आपल्याच पोरांवर गारगोटीत बंदूक रोखलेली होती. एकाच जिल्ह्यातली, एकाच वयाची, एकच भाकरी खाऊन वाढलेली ही मुले. या दोन मरणांना एकाच मापाने मोजले, तर गारगोटीच्या सातांवर अन्याय होतो. त्यांनी मरण कशासाठी पत्करायचे हे स्वतः ठरवले होते. त्यांच्यामागे पगार नव्हता, पेन्शन नव्हते. ही निवड हाच त्यांचा मोठेपणा आहे, आणि तो कुणाशी वाटून घ्यायचा नाही.

हे सारे खरे आहे, आणि तरीही ते पुरत नाही. ते का पुरत नाही, हे मला एका दुसऱ्या पोराच्या कथेतून कळले. त्याचे नाव यशवंत घाडगे.

रायगड, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात पळसगाव आहे. तिथला हा मुलगा. पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या पलटणीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या कंपनीने शत्रूच्या एका पक्क्या ठाण्यावर हल्ला चढविला. अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. त्याच्या तुकडीतले सारे मेले किंवा जखमी होऊन पडले. उभा राहिला तो एकटा. त्याने मशीनगनच्या दिशेने धाव घेतली. बाँब टाकून ती तोफ आणि ती चालवणारा, दोन्ही निकामी केले. टॉमीगनने आणखी एकाला टिपले. गोळ्यांची नवी नळी भरायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारले. मग लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्याला छातीत आणि पाठीत लागल्या, आणि जिंकलेल्या त्याच खंदकात तो मेला. वय बावीस. त्याचा व्हिक्टोरिया क्रॉस त्याच्या तरुण पत्नीने दिल्लीत लॉर्ड वेव्हेल यांच्या हातून घेतला. त्याला स्वतःचे थडगे नाही. कासीनो येथे, ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही अशा चार हजारांवर सैनिकांची नावे दगडावर कोरली आहेत, त्यांत त्याचे एक नाव आहे.

त्या चढावर धावताना यशवंतच्या मनात काय असेल? राजा, साम्राज्य, लोकशाही, की फॅसिझमचा नाश? मी कादंबऱ्या लिहितो. पात्रांच्या मनात हवे ते घालण्याची मला सवय आहे. पण इथे माझा हात थबकतो. मागे पडलेले ते सोबती, एकाच ताटातले खाणारे, एकाच डोंगरातले, एवढेच त्याला दिसत असेल असे मला वाटते. युद्ध कुणाचे, हे लंडनमध्ये आणि बर्लिनमध्ये ठरले होते. ती धाव मात्र त्याची स्वतःची होती. ती त्याला कुणी हुकूम देऊन करायला लावली नव्हती, आणि कुठल्याही पगारात ती बसत नव्हती.

म्हणजे माणसाच्या मरणात दोन गोष्टी असतात. एक, ज्या कार्याच्या गाड्याला तो जुंपला गेला ते कार्य. दुसरी, त्या गाड्याखाली तो कसा वागला ती. पहिल्याचा निवाडा इतिहासाने करावा, आणि कठोरपणे करावा. पण दुसऱ्याचे देणे आपण माणूस म्हणून लागतो. मी वर्गात या दोहोंची गल्लत केली. निवाडा करायचा म्हणून देणे बुडवले.

'पोटासाठी' हा शब्दही मी किती सहज वापरला! पोटासाठी गिरणीत गेलेला माणूस यंत्रात सापडून मेला तर त्याला आपण हिणवत नाही. कोकणातल्या नि देशावरच्या कोरडवाहू वाफ्यांनी ज्याला पोसले नाही, घरी म्हातारे आई-बाप आणि कर्ज ठेवून जो बेळगावच्या भरतीकेंद्रापुढे रांगेत उभा राहिला, त्याची भूक काही लाजिरवाणी नव्हती. लाज वाटायचीच असेल तर ती, ज्या व्यवस्थेत भाकरीची वाट पलटणीतून जात होती, तिची वाटावी. शिवाय पोटासाठी माणूस नोकरी धरतो. मरतो तो पोटासाठी नव्हे. मेलेल्याला कसले पोट?

ज्यांच्यासाठी ही पोरे मेली, त्या परक्यांनी तरी त्यांची आठवण ठेवली काय? इथे हिशेब फार कडू आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात आपल्या मराठा पलटणी लढल्या. कूतच्या वेढ्यात त्या उपाशी राहिल्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या फौजेने शरणागती पत्करल्यावर कैदेत गेल्या. बसऱ्याला त्या मोहिमेचे मोठे स्मारक उभे राहिले. चाळीस हजारांहून अधिक मृतांची तिथे नोंद आहे. पण इंग्रज शिपायाचे नाव कोरले गेले, आणि हिंदी शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली नुसता आकडा आला. नाव अधिकाऱ्याला, शिपायाला बेरीज! शंभर वर्षांनी, २०२१ साली, युद्धस्मारके सांभाळणाऱ्या राष्ट्रकुलाच्या आयोगानेच चौकशी करून हा भेदभाव कबूल केला. निदान एक लाख सोळा हजार मृतांची, त्यांत आशियातले आणि आफ्रिकेतले बहुसंख्य, नावाने आठवण ठेवली गेली नव्हती. त्याबद्दल आयोगाने क्षमा मागितली.

हे वाचून मला संताप आला, आणि दुसऱ्याच क्षणी तो संताप माझ्याच अंगावर उलटला. आयोगाने त्यांना आकडा तरी केले. मी वर्गात त्यांना शून्य केले होते. त्यांनी नाव घेतले नाही, कारण तो शिपाई त्यांचा नव्हता. मी घेतले नाही, कारण तो त्यांचा होता. दोन घरांच्या मधल्या अंगणात तो पोरगा उभाच राहिला, आणि दोन्ही दारे बंद!

आपले पूर्वज या बाबतीत आपल्याहून शहाणे होते असे कधी कधी वाटते. करवीर तालुक्यातल्या बीडला जाऊन पाहा. तिथे वीरगळ उभे आहेत. खालच्या चौकटीत लढाई आणि पडलेला वीर, तिच्यावर त्याला नेणाऱ्या अप्सरा, त्याच्यावर शिवलिंगाची पूजा, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. हा वीर कुठल्या राजासाठी मेला? तो राजा चांगला होता की वाईट? गाईंसाठी लढला की गावासाठी? बहुतेक दगडांवर काहीच लिहिलेले नाही. गावाने एवढेच नोंदवून ठेवले आहे की आमच्यातला एक इथे उभा राहिला आणि पडला. चंद्र-सूर्य आहेत तोवर हे विसरू नये. गावकरी आजही त्या दगडाला शेंदूर लावतात.

आणि तो सूर्य पुढे मला अचानक इटलीत भेटला! टायबरच्या खोऱ्यात, पेरुजाजवळ माँतोने म्हणून एक लहानसे गाव आहे. तिथल्या लोकांनी २०२३ सालच्या जुलैत यशवंत घाडगे यांचे स्मारक उभारले. ते स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ आहे. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्यावर आहे. वीरगळ ज्यांनी कधी पाहिला नाही, त्यांनी आपल्या पोराच्या डोक्यावर आपल्यासारखाच सूर्य आणून ठेवला. इटलीच्या त्या मोहिमेत सुमारे पन्नास हजार हिंदी सैनिक लढले आणि पाच हजार सातशेंहून अधिक मेले. त्यांतला एकही त्या गावकऱ्यांचा सगा नव्हता.

इटलीचे आणि आपल्या करवीरचे नाते त्याहून जुने आहे. १८७० साली विलायतेहून परतताना आपले राजाराम महाराज फ्लॉरेन्स शहरी वारले. वय अवघे वीस. आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला. चार वर्षांनी तिथे छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसला. पुढे जवळच पूल झाला, त्यालाही लोक 'इंडियन'चा पूल म्हणतात. परक्या देशातली माणसे आपल्या पोरक्या मृतांना अशी सांभाळतात, मग आपण काय करतो?

आपणही करतो, आणि हे कोल्हापुरात सांगायला मला अभिमान वाटतो. १९४३ ते १९४८ या काळात आपल्या शेजारी, वळिवड्याला, सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. बहुतेक बायका आणि मुले. रशियाने त्यांना घरांतून उपटून सैबेरियात फेकले होते. इराणमार्गे ती माणसे पंचगंगेच्या काठी आली. त्यांच्यातल्या कित्येकींचे नवरे, भाऊ, मुलगे जनरल अँडर्स यांच्या फौजेत होते, आणि त्या फौजेने मे १९४४ मध्ये माँते कासीनोचा डोंगर जिंकताना रक्ताचे पाट वाहवले. म्हणजे इटलीतल्या त्याच उन्हाळ्यात पोलंडच्या बाईचा माणूस मेला आणि ती रडली वळिवड्यात. आपला पोरगा तिथेच मेला आणि त्याची बायको रडली कोकणात. या दोघींना एकमेकींची भाषा कळली नसती; रडणे कळले असते. वळिवड्यात वारलेल्या पोलिश माणसांची थडगी आजही कोल्हापुरात आहेत. पोलंडहून त्यांची माणसे येतात, तेव्हा आपले लोक त्यांना वाट दाखवतात. हे मृत आपल्यासाठी मेले का, असे त्या वेळी कुणी विचारत नाही.

तरीही स्मरणाबद्दल मला एक भीती वाटते, ती लपवून ठेवणार नाही. मेलेल्याला बोलता येत नाही, म्हणून जो तो त्याच्या तोंडी आपले शब्द घालतो. पुतळा उभा राहतो, हार पडतात, भाषणे होतात, आणि ऐकणाऱ्या पोरांना मरण हा एखादा समारंभ वाटू लागतो. म्हणून स्मरण करायचे तर पुरते करावे. यशवंतच्या शौर्याची गोष्ट सांगताना, त्याने ज्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारले त्यांनाही वगळू नये. तीही कुणाची तरी पोरे होती. जर्मनीतल्या एखाद्या घरात त्यांचाही एक पिवळा फोटो असेल, आणि एखादी म्हातारी म्हणत असेल की बाप माझा तेवढाच राहिला. हे सांगितल्याने यशवंत लहान होत नाही. युद्ध मात्र उघडे पडते. जे स्मरण पुढच्या पोराला मरणाकडे ढकलते ते खोटे, आणि जे त्याला जपायला शिकवते ते खरे, एवढी खूण मी माझ्यापुरती ठरवून ठेवली आहे.

कुणी म्हणेल, ज्याला आपण पाहिलेही नाही त्याला आठवायचे कसे? पण आपल्याकडे स्मरण ही मनाची ऊर्मी नसून हाताने करायची कृती आहे. पितृपक्षात तर्पण करताना ज्यांना पाणी द्यायला मागे कुणी उरले नाही, त्यांच्यासाठीही एक ओंजळ सोडतात. ओंजळ सोडणाऱ्याला त्यांची नावे, चेहरे काहीच माहीत नसते. त्याला एवढेच माहीत असते की तहान सर्वांना लागते.

सोमवारी मी वर्गात गेलो आणि मुलांना म्हणालो, "परवा मी एक चूक केली. गारगोटीच्या सातांबद्दल जे सांगितलं त्यातला एक शब्दही मागे घेत नाही. पण दुसऱ्यांबद्दल जे बोललो ते मागे घेतो. ते युद्ध आपण निवडलं नव्हतं. पण ती मुलं आपली होती." मग मागच्या बाकावरच्या मुलाला मी पुढे बोलावले. त्याने फोटो हातात धरून पणजोबांचे नाव, गावाचे नाव, पलटणीचे नाव आणि साल सांगितले. चार ओळींपेक्षा जास्त नव्हते. आवाज थरथरत होता. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते त्या घराचे आहे, आणि घरच्याच तोंडून ते यायला हवे होते. मला फक्त त्याच्यासाठी जागा मोकळी करून द्यायची होती, जी मीच अडवून बसलो होतो.

त्या रविवारी निघताना मी आजींना सहज विचारले होते, "धनत्रयोदशीला तुमच्याकडे दक्षिणेचा दिवा लावतात?"

"लावतो की. दोन लावतो," त्या म्हणाल्या.

"दोन कशाला?"

"एक हायत त्यांच्यासाठी. अन् एक बासाठी. लांबचा मुलूख, वाट गावायला नगं?"

आईने ज्या प्रश्नावर मला गप्प केले होते, त्याचे उत्तर इतक्या वर्षांनी एका सोप्यात, न मागता मिळाले. यंदा आमच्या दाराशीही दक्षिणेला दोन पणत्या लागतील. दुसरी कुणाची, असे मुलांनी विचारले तर सणासुदीचे म्हणून मी त्यांना गप्प करणार नाही.